तारखांच्या धावपळीत कृतज्ञता: नाशिकच्या नव्या वकिलांसाठी

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात नुकतीच सनद घेऊन आलेल्या वकिलाचा दिवस बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहण्यापासून सुरू होतो आणि पुकारा चुकू नये म्हणून या कोर्टातून त्या कोर्टात धावण्यात सरतो. निकालाच्या आनंदावर विसंबून या व्यवसायात टिकणे कठीण आहे, कारण निफाड किंवा दिंडोरीकडच्या भावकीतला वाटणीचा दावा आज दाखल केला, तर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा औपचारिक निर्णय, होईपर्यंत कित्येक वर्षे जातात आणि पुढे अपील असतेच. माझ्या अनुभवात, आभार मानावेत असे बरेच काही रोजच्या कागदांतच सापडते.

समन्सच्या बजावणीचेच उदाहरण घ्या. प्रतिवादी घरी सापडत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १७ प्रमाणे बेलिफ, म्हणजे समन्स पोचवणारा न्यायालयाचा कर्मचारी, समन्सची प्रत त्याच्या दाराला चिकटवतो आणि ती कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी दाखवले व हे कोणासमक्ष झाले, याचा अहवाल लिहितो. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाचे घर गावठाणात चौकशी करून सहजी मिळत नाही. तिथवर जाऊन, शेजाऱ्याचे नाव विचारून लिहिलेल्या त्या चार ओळींवर पुढे प्रतिवादीच्या गैरहजेरीतला एकतर्फी आदेश उभा राहतो. बहुतेक ज्युनिअर 'बजावणी झाली' एवढे पाहून पान उलटतात. मी अहवाल पूर्ण वाचतो आणि बेलिफ भेटले की त्यातल्या कामाचा नेमका उल्लेख करतो. 'वस्तीपर्यंत गेलात, शेजाऱ्यांचे नावही घेतलेत, फार बरे झाले भाऊसाहेब,' असे म्हटले की घाईतला माणूसही घटकाभर थांबतो. टंकलेखकाचे आभार मात्र शब्दांनी मानण्यापेक्षा त्याचे पैसे त्याच दिवशी देऊन मानावेत.

पक्षकारांचेही ऋण असते. व्यापाऱ्याचा धनादेश वटला नाही म्हणून आलेला द्राक्षबागायतदार धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो हातात पडताच तो घेऊन आला, तर न वटलेल्या धनादेशांबाबतच्या, परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील नोटिशीसाठी असलेली ३० दिवसांची मुदत जवळपास पूर्ण हाती राहते. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी उगवणाऱ्या पक्षकाराची नोटीस एकदा तयार केली की याचे मोल कळते!

लोकअदालतीत हे आणखी स्पष्ट दिसते. तडजोड झाली की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो, त्यावर अपील चालत नाही आणि प्रलंबित दाव्यातले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. पण तिथवर पोचण्यासाठी समोरच्या वकिलाने पुढच्या तारखांच्या फीचा मोह सोडून आपल्या पक्षकाराची समजूत घातलेली असते. बाररूममध्ये सर्वांदेखत त्याचे श्रेय त्याला द्यावे.

सिनिअरांच्या बाबतीत मात्र थोडा विवेक हवा. त्यांनी खाडाखोड करून परत दिलेले मसुदे जपून ठेवावेत, कारण दाव्यातले कथन कसे लिहावे हे त्यातूनच शिकता येते. परंतु मानधन विचारणे म्हणजे कृतघ्नपणा, ही समजूत चुकीची आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांसाठी शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपयांच्या किमान मानधनाची शिफारस केली. ती बंधनकारक नाही, म्हणून रक्कम आणि ती कोणत्या तारखेला मिळणार, हे कामाला लागण्यापूर्वीच नम्रपणे ठरवून घ्यावे.