रिपेरीला दिलेला मोबाईल जास्तच बिघडून आला, तर भांडायचं कसं

श्रावणात माझ्या फोनची चार्जिंग पिन ढिली झाली. इथं बेळगावच्या बाजारातल्या एका दुकानात दिला आणि संध्याकाळी साडेतीनशे रुपये मोजून घरी आणला. चार्जिंग झकास. रात्री बहिणीला व्हिडिओ कॉल लावला तर ती म्हणते, "काय गं, धुक्यात बसलीयस काय?" पुढच्या कॅमेऱ्यावर साय धरल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर काउंटरवरच्या पोरानं फोन हातातही न घेता सांगितलं, "ते पहिल्यापासूनच असणार की ओ ताई."

सगळं भांडण ह्याच एका वाक्याचं असतं. फोन देताना तो कसा होता, हे तुम्हाला दाखवता आलं तर निम्मं काम झालं. नाही आलं तर आवाज कितीही चढवा, काउंटरच्या पलीकडचा माणूस चहा पीत बसतो.

बिघाड दिसला की पहिल्यांदा

फोन दुसऱ्या कुणाकडे दुरुस्त करून घेऊ नका. गडबडीत इथंच चूक होते. दुसऱ्यानं एकदा उघडला की पहिला म्हणणार, त्यानंच मोडला. *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर (म्हणजे फोनचा ओळख क्रमांक) आणि बिघाड, दोन्ही एकाच व्हिडिओत दुसऱ्या फोनवर टिपा. पावती, यूपीआयनं पैसे दिल्याची नोंद, "फोन तयार आहे" असा दुकानाचा मेसेज, सगळं जपा. पैसे रोख देऊन पावतीही घेतली नसेल, तर दुकानाला साधा मेसेज टाका: "काल चार्जिंग पिन बदलून घेतली, आता कॅमेरा धूसर आहे." त्यावर "या, बघतो" एवढं जरी उत्तर आलं, तरी फोन त्यांच्याकडे होता हे लेखी मिळालं.

मग आधीची स्थिती शोधा. मला आठवलं, त्याच दिवशी सकाळी कपिलेश्वराच्या रांगेत सेल्फी काढला होता. श्रावणी सोमवार, सात चाळीसची वेळ, मागच्या आजींच्या नथीतला मोती दिसावा इतका स्वच्छ फोटो. फोटोच्या तपशिलात तारीख, वेळ आणि फोनचं मॉडेल असतं. मात्र असा फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका. डिस्प्ले किंवा स्पीकरचं भांडण असेल तर जुने स्क्रीनशॉट फारसे कामाचे नाहीत, कारण काचेवरची रेघ स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही. तिथं घरच्या कुणी काढलेला, तुमचा फोन दिसणारा एखादा व्हिडिओ शोधावा.

दुसऱ्या जाणत्या मेकॅनिकला फोन नुसता दाखवायला हरकत नाही. मी दाखवला. त्यानं टॉर्च तिरकी धरली आणि काचेच्या आत, लेन्सवर अर्धा बोटाचा ठसा दिसला. आपोआप झालेल्या बिघाडाला बोटं नसतात. असं काही दिसलं तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, तारीख आणि सहीसकट. बॅक पॅनल उघडताना फिंगरप्रिंटची पट्टी फाटते, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला इजा होते. हे अनुभवी डोळ्याला ओळखू येतं. पाणी गेलंय असं दुकानदार म्हणाला तर आतला स्टिकर बघायला मागा. पाणी लागलं की तो लाल-गुलाबी होतो.

दुकानात पुन्हा जाताना

गर्दीच्या वेळी जाऊ नका. चार गिऱ्हाइकांसमोर कुणी चूक कबूल करत नाही. पोराशी वाद न घालता मालकाला भेटा आणि काय हवंय ते नेमकं सांगा: भाग फुकट बदलून द्या, नाहीतर त्याचा खर्च द्या. पावतीवर मागं छापलेलं असतं, "नुकसानीस आम्ही जबाबदार नाही." कन्नडमध्ये असेल तर शेजाऱ्याकडून वाचून घ्या, पण त्या ओळीला घाबरू नका. निष्काळजीपणे काम केलं तर ती सेवेतली त्रुटी ठरते, छापील ओळीनं ती पुसली जात नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची तऱ्हा वेगळी. तिथं जॉबशीट असते. तिच्यात फोन घेतानाच्या ओरखड्यांची नोंद करतात, म्हणून सही करण्याआधी ती वाचायचीच. फोन उघडताना फोटो काढले असतील तर मागा, आणि कंपनीला ईमेलनं लेखी तक्रार करा. काही ठिकाणी फोन परत देताना ओटीपी मागतात. दोन्ही कॅमेरे, कॉल, स्पीकर, बोटाचा ठसा, सगळं तपासल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

ऐकलंच नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. १७ भाषांत बोलता येतं, त्यात मराठीही आहे. आपल्याकडे कचेरीत कुठल्या भाषेत बोलावं ह्याचीच धास्ती असते, ती इथं नाही. हेल्पलाईन तक्रार पुढे पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते, हुकूम देऊ शकत नाही. मोठ्या कंपनीबाबत ह्याचा उपयोग बऱ्यापैकी होतो, गल्लीतल्या दुकानाबाबत कमी.

पुढची पायरी नोटीस. वकील लागत नाही. काय झालं, कधी झालं, काय हवं आणि १५ दिवसांची मुदत, एवढं एका पानावर लिहून स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच जपा. माझ्या मते निम्मी प्रकरणं ह्याच कागदावर मिटतात.

नाही मिटलं तर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, म्हणजे मोबाईलवाल्यांनी फीची चिंता करूच नये. ई-जागृती ह्या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत लिहिलेली बरी. मराठी मेसेज जोडताना त्यांचा अनुवादही जोडा.

निपाणीकरांसाठी मुद्दाम सांगते. तुम्ही फोन कोल्हापूरला देता आणि मग वाटतं, दुकान महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात, आता कुठं जाणार? ह्या कायद्यात तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडेही जाता येतं. म्हणजे कोल्हापूरच्या दुकानाला बेळगावात उत्तर द्यावं लागेल. सीमेचा इतका साधा फायदा आपल्याला क्वचितच मिळतो.

मागणी बेताची ठेवा. दुरुस्तीचा खर्च, दिलेले पैसे, येण्याजाण्याचा आणि त्रासाचा वाजवी आकडा. साडेतीनशेच्या पिनेसाठी पाच लाख मागितलेत तर खरा मुद्दाही हास्यास्पद वाटायला लागतो.

माझं प्रकरण नोटिशीपर्यंतही गेलं नाही. सेल्फी आणि तो ठसा बघून मालकानं पोराकडे एकदा पाहिलं आणि नवा कॅमेरा बसवून दिला. "तक्रार मिटली" असं लिहून मागत होते. मी म्हटलं, थांबा, आधी बघू दे. काउंटरवरच सेल्फी काढला. मागं तो पोरगाही आला, केस सारखे करताना, अगदी स्पष्ट. मग सही केली.