सर्वरवर कोड टाकायच्या आधी टीमक्स उघडा

सांगलीत मे महिन्यात वळवाचं आभाळ आलं की पहिल्या थेंबाआधी लाईट जाते, आणि माझं डिप्लॉय (नवा कोड सर्वरवर चढवणं) नेमकं तेव्हाच चाललेलं असतं. एकदा विश्रामबागला घरी बसलेलो, राउटर बंद, एसएसएच (लॅपटॉपवरून सर्वरला जोडणारं कनेक्शन) तुटलं आणि बिल्ड (कोडमधून चालणारी साइट तयार करायचं काम) अर्ध्यात मेला, कारण कनेक्शन गेलं की त्या टर्मिनलमधल्या प्रोसेसला हँगअप सिग्नल जातो न ती बंद पडते. साइट पांढरीफट्ट, क्लायंटचे फोनवर फोन. तेव्हापासून लॉगिन केलं की पहिलं टीमक्स (tmux, कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम), त्यातलं काम सर्वरवर चालूच राहतं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून परत जायचं, टीमक्स अटॅच मारायचं, स्क्रीन होती तशी समोर. (टीमक्स सर्वरवर उघडायचं हां, लॅपटॉपवर नाही, मी आधी तेच केलेलं.)

आणि चालू फोल्डरमध्येच गिट पुल करून (नवा कोड ओढून) बिल्ड करू नका राव, दरवेळी तारखेचं नवीन फोल्डर करा, बिल्ड नीट झाला की करंट नावाची सिमलिंक (ॲप ज्या फोल्डरमधून चालतं त्याच्याकडं बोट दाखवणारा शॉर्टकट) तिकडं वळवा न ॲप रिस्टार्ट करा. गंडलं तर लिंक परत जुन्या फोल्डरवर. जुनी ३-४ फोल्डर ठेवा, बाकीची उडवा, नाहीतर प्रत्येक फोल्डरमधली नोड मॉड्यूल्सच (ॲपला लागणारी पॅकेजेस) सगळी डिस्क खातात.