मुंबईत पहिली मोटारसायकल निवडताना

पहिली मोटारसायकल घ्यायला निघालेला माणूस बहुधा ‘किती सीसी?’, म्हणजे इंजिन किती मोठे, या प्रश्नापासून सुरुवात करतो. मुंबईत हा प्रश्न बराच नंतरचा आहे, कारण वेग घेता येईल असे वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, किनारी रस्ता आणि अटल सेतू हे सगळे मार्ग दुचाकींना बंद आहेत. उरतात ते बहुतांशी लालबहादूर शास्त्री मार्गासारखे रस्ते, जिथे बसच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहावे लागते. गाडी निवडायची ती या रांगण्यासाठी.

म्हणून आधी वजन आणि सीटची उंची पाहावी. हिरोच्या स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो आहे, तर रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे सुमारे १९५. धावत्या गाडीवर हा फरक फारसा जाणवत नाही. तो जाणवतो सिग्नलला गाडी एका पायावर तोलताना, किंवा इमारतीखाली दाटीने लावलेल्या दुचाकींमधून ती मागे ओढून काढताना. शोरूममध्ये नेहमीचे बूट घालूनच बसून पाहावे. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर भक्कम टेकले पाहिजेत, आणि सीटवर बसल्या बसल्या गाडी चार पावले मागे ढकलता आली पाहिजे. त्यानंतर क्लच वीसेक वेळा दाबून सोडावा. तेवढ्यानेच मनगट भरून येत असेल, तर अंधेरी-कुर्ला रस्त्यावर संध्याकाळी काय होईल याचा अंदाज तिथेच येतो.

ब्रेककडे लक्ष द्यावे ते पावसाळ्यासाठी. ओल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा मॅनहोलच्या लोखंडी झाकणावर ब्रेक जोरात लागला, की चाक जागीच अडकते आणि गाडी घसरते. एबीएस ही ब्रेकची यंत्रणा चाकाला असे अडकू देत नाही. १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना ते २०१९ पासून अनिवार्य आहे; त्याहून लहान गाड्यांत किमान सीबीएस असते, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. माझ्या मते शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला पुढे डिस्क ब्रेक असलेली १२५ सीसीची गाडी पुरते. ठाणे किंवा नवी मुंबईहून रोज महामार्गाने येणाऱ्याने मात्र एबीएस असलेली १५०-१६० सीसीची घ्यावी.

परवान्याचे काम गाडीच्या आधी करावे. गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि स्कूटरच्या म्हणजे विनागिअर परवान्यावर ती चालवता येत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो व पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतरच देता येते. हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच घ्यावे. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे असल्याने अंदाजपत्रकात दोन धरावीत.

शिकताना गाडी एकदा तरी आडवी होतेच, त्यामुळे जुनी गाडी घेण्याचा विचार मुळीच कमीपणाचा नाही. मात्र आरसी पुस्तकावर कर्ज देणाऱ्याचा बोजा नोंदलेला नाही ना हे पाहावे, विक्रेत्याकडून मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

मुहूर्त पाहणाऱ्यांनी पाडव्याऐवजी दसरा धरावा. पाडव्याला घेतलेल्या गाडीवर हात बसतो न बसतो तोच जून उजाडतो. दसऱ्याला घेतली, तर पहिल्या पावसाआधी सरावासाठी सातआठ कोरडे महिने मिळतात.