कॅम बदलायचाय? आधी तो का झिजला ते बघा

इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक यायला लागली की बहुतेक गॅरेजांत एकच निदान होतं: "टॅपेट सेट करावे लागतील." पुष्कळदा हे निदान बरोबरही असतं. (कॅम म्हणजे उंचवटे असलेला फिरणारा दांडा. तो रॉकर नावाच्या छोट्या तरफा ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतात. टॅपेट सेट करणं म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट स्क्रूने जुळवणं.) पण टॅपेट सेट करून गाडी घरी आणली आणि थोड्याच दिवसांत आवाज परत सुरू झाला, तर प्रकरण टॅपेटच्या पुढे गेलेलं असतं. माझ्या दीडशे सीसीच्या जुन्या गाडीचं असंच झालं होतं. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत क्वालिटी विभागात असल्यामुळे मायक्रोमीटर रोजच्या हातातला, पण मोटरसायकलचं हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचा भाग, कधी उघडलं नव्हतं. कॅम, रॉकर, टायमिंग चेन (क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, कॅम फिरवणारी) आणि तिला दिशा देणाऱ्या पट्ट्या धायरीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये बसून बदलल्या. पुढे मित्रांच्या गाड्यांवरही हेच काम केलं. नव्याने हात घालणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढं इथे लिहितोय.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते समजून घ्या. आपल्याकडच्या शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत हेडमध्ये एकच कॅम, दोन रॉकर आणि दोन व्हॉल्व्ह असतात. शिकायला ही रचना सगळ्यात सोपी. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे कॅम खाली, उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमागे असतात आणि पुशरॉडमधून, म्हणजे लांब दांड्यांनी, वरचे रॉकर हलवतात. तिथे चेनच नाही, गिअरवरच्या खुणा जुळवायच्या. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये दोन कॅम आहेत आणि व्हॉल्व्हची फट स्क्रूने नाही, तर ठरावीक जाडीच्या शिम (चकत्या) बदलून जुळवावी लागते. पहिलं इंजिन म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कोणतंच इंजिन घरी उघडू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

आता आवाजाकडे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की आवाज कुठून येतो ते बऱ्यापैकी कळतं. इंजिन चालू असेल तर बाही आणि बोटं फिरणाऱ्या भागांपासून लांब ठेवा. स्पष्ट, ठरावीक अंतराने येणारी टकटक रॉकरकडून येते. चेनच्या बाजूने येणारी, ॲक्सिलरेटर सोडताना वाढणारी खरखर टायमिंग चेनची. दोन्ही एकत्र असले तर आश्चर्य नको, कारण झिजवणारं कारण बहुतेकदा एकच असतं.

टॅपेट सेट करूनही आवाज का राहतो, याचं उत्तर मला मोजमापाच्या बाजूने सापडलं. टॅपेट स्क्रूचं टोक किंवा व्हॉल्व्हची दांडी झिजून तिथे छोटी वाटी तयार होते. फट मोजायच्या फिलर गेजची पट्टी सपाट असते. ती वाटीच्या काठांवर टेकते आणि खालची पोकळी मोजतच नाही. पट्टी सांगते फट बरोबर आहे, प्रत्यक्षात ती जास्त असते. रॉकरचा कॅमवर घासणारा चेहरा आणि कॅमचा उंचवटा खराब झाला असेल तरी तेच: मापात सगळं ठीक, कानाला मात्र नाही. टॅपेटची झाकणं उघडून टॉर्च मारली तर रॉकरची अवस्था थोडीफार दिसते. रॉकर बोटांनी वर-खाली हलवा. स्क्रूपाशी फट असणारच, पण रॉकर त्याच्या पिनवरच डुगडुगत असेल तर पिनसकट बदलायची तयारी ठेवा. पिनच्या लांबीच्या दिशेने थोडी सरक असते, तिला घाबरू नका.

आता मुद्द्याचं. कॅम आपोआप झिजत नाही, तो तेलावाचून झिजतो. हेड हे ऑइल पंपापासून सगळ्यात लांबचं टोक. सकाळी गाडी सुरू केल्यावर तेल तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. ऑइलची पातळी कमी, बदली लांबलेली, त्यात सिंहगड रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापणारं इंजिन, मग कॅम आणि रॉकरमधला तेलाचा पातळ थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही: आधीच्या कुणीतरी पॅकिंगला भसाभसा फासलेलं सिलिकॉन. बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, तुकडे सुटतात आणि तेलाची जाळी किंवा वर जाणारं बारीक भोक बंद करतात. माझ्या गाडीच्या जाळीत मला असे तुकडे मिळाले. नवा कॅम टाकून मी ते भोक तसंच सोडलं असतं तर नवा कॅमही त्याच वाटेने गेला असता.

म्हणून खोलण्याआधी तेलाची परीक्षा करा. इग्निशन बंद ठेवून प्लग काढा, टॅपेटची झाकणं उघडा आणि किक मारत राहा. थोड्या वेळात रॉकरपाशी तेल पाझरताना दिसायला हवं. नाहीच आलं तर आधी जाळी, मग पंप, मग तेलाचे मार्ग. कॅम त्यानंतर.

पुण्यात सामान आणायला नाना पेठ. तिथे काउंटरवर "दीडशेचा कॅम द्या" म्हणालात तर काय हातात पडेल याचा नेम नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कॅम बदललेले असतात. इंजिन नंबर लिहून न्या, पार्ट कॅटलॉगमधल्या चित्रावरून पार्ट नंबर काढा आणि जमलं तर जुना पार्टही सोबत ठेवा. दुकानदार विचारतो, "नुसता कॅम देऊ का सेट?" सेट घ्या. नव्या कॅमवर जुना खरबरीत रॉकर घासला की नव्या कॅमचं आयुष्य जुन्या रॉकरएवढंच उरतं. कॅम, दोन्ही रॉकर, गरज असेल तर पिना, टायमिंग चेन, चेनच्या दोन्ही पट्ट्या, हेड कव्हरचं पॅकिंग आणि ओ-रिंग, एवढं एकदम आणावं. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) तपासून ठरवा. कॅम बेअरिंगवर फिरत असेल तर बेअरिंगही नवीन. लेथवर भरून, घासून दिलेला कॅम स्वस्त पडतो, पण उंचवट्याचा आकार आणि वरच्या कडक थराची खात्री कोण देणार? मी घेत नाही. रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून पाने जरूर घ्या, कॅम नको.

हत्यारांत कंजुषी दोन ठिकाणी महागात पडते: फिलर गेज आणि लहान मापाचा टॉर्क पाना. ॲल्युमिनियममध्ये बसणारे सहा एमएमचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. हे माप हाताला फारच कमी वाटतं, आणि "अजून थोडं" करता करता आटे जातात. याशिवाय टी पाने, गोटी पाने, लोखंड उचलायची मॅग्नेटची काडी, बारीक तार आणि भरपूर स्वच्छ फडकी. बोहरी आळीत हे सगळं मिळतं.

इंजिन पूर्ण थंड असताना काम सुरू करा. सीट, टाकी काढा आणि हेडच्या आजूबाजूची माती ब्रशने, रॉकेलने धुऊन टाका. ही पायरी लोक गाळतात, आणि मग तीच माती उघड्या हेडमध्ये पडते. प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरतं. मॅग्नेट कव्हरवरची (वीज तयार करणाऱ्या, क्रँकसोबत फिरणाऱ्या रोटरवरच्या कव्हरची) दोन झाकणं उघडून क्रँक फिरवा. बहुतेक गाड्यांत डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने. रोटरवरची 'टी' खूण कव्हरच्या खाचेसमोर आणायची. शेजारी 'एफ' खूण असते, ती ठिणगीची, तिच्यावर थांबू नका. 'टी' खूण इंजिनाच्या एका पूर्ण चक्रात दोनदा येते, कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. दोन्ही रॉकर सैल लागत असतील तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. एखादा ताठ असेल तर अजून एक फेरा द्या. कॅमच्या चक्रीवरची (जिच्या दातांवर टायमिंग चेन बसते ती) रेघ हेडच्या कडेशी कशी जुळते त्याचा फोटो डोळ्याच्या रेषेत धरून काढा. वरून तिरका काढलेला फोटो नंतर फसवतो.

आता टेन्शनर. चक्रीचे बोल्ट सोडण्याआधी तो काढायचा. बहुतेक गाड्यांत तो सिलिंडरच्या मागच्या बाजूला असतो आणि आत स्प्रिंगने ढकलला जाणारा दांडा असतो. हा दांडा पुढे जातो, आपणहून मागे येत नाही. म्हणून टेन्शनर नुसता सैल करून परत आवळणं सगळ्यात धोक्याचं: दांडा आणखी पुढे आलेला असतो आणि बोल्ट आवळताना चेन कचकन ताणली जाते. पूर्ण बाहेर काढा. बसवताना मागच्या भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून दांडा आत घ्या.

चेनला तार बांधून फ्रेमला अडकवा आणि चेनच्या बोळात फडकं कोंबा. बोल्ट आत पडला तर मॅग्नेटची काडी, नाहीतर थेट साइड कव्हर. चक्री निघाली की रॉकरच्या पिना आणि मग कॅम. काही गाड्यांत कॅम बेअरिंगसकट बाजूने सरकतो, काहींत वरचं होल्डर काढावं लागतं. जुना कॅम निघाल्यावर तो बसतो ती जागा नीट बघा. कॅम थेट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये फिरत असेल आणि तिथे नखाला अडकतील एवढ्या रेघा असतील, तर नवा कॅम त्या ढिल्या जागेत नाचणार आणि तेलाचा दाबही तिथूनच सुटणार. अशा वेळी काम थांबवून हेड जाणत्या माणसाला दाखवा. उंचवट्याची उंची मायक्रोमीटरने मोजून मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघा. डोळ्याला चकचकीत दिसणारा कॅमही मापात संपलेला असू शकतो.

तेलाचं भोक आत्ताच साफ करा. हवा मारा, आणि जुन्या पॅकिंगचे, सिलिकॉनचे तुकडे चिमट्याने उचला. खरवडून आत लोटू नका.

जोडताना कॅमच्या उंचवट्यांवर आणि रॉकरच्या चेहऱ्यावर इंजिन ऑइल सढळ हाताने लावा. कोरडा कॅम पहिल्या काही सेकंदांतच ओरखडे घेतो. उंचवटे रॉकरपासून दूर तोंड करून असावेत. मग चेन. मागे टेन्शनर असलेल्या इंजिनात पुढची बाजू आधी ताठ घ्यायची आणि जी काही ढील असेल ती मागे, टेन्शनरच्या बाजूला ठेवायची. हे उलटं झालं की खुणा जुळलेल्या दिसतात, टेन्शनर बसवल्यावर मात्र चक्री सरकते. समजा चक्रीला ३२ दात आहेत. एक दात चुकला तर कॅम सव्वाअकरा अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबाने साडेबावीस अंशांनी हुकतो. गाडी सुरू होईल कदाचित, पण दम राहणार नाही. त्याहून जास्त चुकलं आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल तर व्हॉल्व्ह वाकतो. म्हणून टेन्शनर बसवल्यावर पान्याने क्रँक सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. सेल्फला तर हातच लावायचा नाही. तो मोटरने फिरतो, त्याला अडलेलं कळत नाही.

टॅपेटची फट थंड इंजिनावर, त्याच 'टी' खुणेवर. लहान इंजिनांत ती सहसा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या घरात असते, इनलेट आणि एक्झॉस्टची वेगळी असू शकते. मॅन्युअल हाच शेवटचा शब्द. बंद पुस्तकाच्या पानांतून चिठ्ठी ओढताना लागतो तेवढा अडसर पट्टीला लागला पाहिजे. चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत मोजा. आवाज अजिबात नको म्हणून फट मुद्दाम कमी ठेवणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटकडे जात नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. जरा टिकटिक करणारं इंजिन चालेल, अगदी गप्प झालेलं नको.

नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं आणि डब्यावर जासो (तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या काही तेलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरायला लागतो. सुरू करण्याआधी पुन्हा प्लगशिवाय किक मारून तेल वर येऊ द्या, मग प्लग लावा.

सोसायटीत काम करणार असाल तर चेअरमनना आधी सांगून ठेवलेलं बरं. आमच्याकडे त्यानंतर "पार्किंग म्हणजे वर्कशॉप नव्हे" अशी पाटी लागली. कुणाला उद्देशून, ते त्यावर लिहिलेलं नाही. जुनं ऑइल गटारात ओतू नका. ते डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, तिथे ते गोळा करणारे येतात.

हे करता करता गोडी लागली, तर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. इंजिनाचं मोजमाप तिथे पद्धतशीर शिकवतात.

साधारण पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा थंड इंजिनावर मोजा. नवे पृष्ठभाग एकमेकांत बसतात तशी फट बदलते. त्याच वेळी ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर गाळा आणि जाळी उघडा. थोडी राखाडी झाक चालते. चमचमणारे कण दिसले तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि शोध परत तेलाच्या भोकापासून सुरू करा.