फायर सेफ्टीचं सामान आहे, पण कोण कोणाला सांगतंय?

आग विझवायचं सामान बहुतेक बिल्डिंगमध्ये असतं हो, पण पंप बंद आहे हे एकालाच माहीत असतं आणि तो नेमका सुट्टीवर असतो. म्हणून नवीन काही विकत घ्यायच्या आधी कोणी कोणाला काय सांगायचं ते ठरवा.

आधी गेटवर एक वही ठेवा. पंप, स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह, अलार्मचं पॅनल, यातलं काहीही रिपेअरला बंद केलं की कोणी, किती वाजता, परत कधी चालू होणार ते लिहायचं. टेक्निशियन 'झालं' म्हणाला की लगेच सही ठोकू नका, पंप ऑटोवर आहे ना ते स्वतः बघा, कारण टेस्टिंगला मॅन्युअलवर टाकतात आणि तो तसाच राहतो, मग पाइपातलं प्रेशर पडलं तरी आपोआप सुरूच होत नाही. रंगकामात स्मोक डिटेक्टरवर प्लास्टिक बांधतात त्याचंही तेच, बांधली किती नि काढली किती, मोजा.

खरा घोळ बाहेरून येणाऱ्या माणसांच्या कामात होतो (चूक त्यांची नसते, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं). केबलवाला भिंतीला भोक पाडून जातो, ती भिंत धूर अडवायला आहे हे त्याला कुठून कळणार? कामाआधीच सांगा, भोक फायर सीलंटने (आग-धूर अडवणारा भरावाचा मसाला) बुजवून फोटो पाठवायचा, मगच बिल. वेल्डिंग असेल तर काम संपल्यावरही तासभर एक माणूस तिथे थांबवा, ठिणगी कचऱ्यात धुमसत राहते आणि सगळे गेल्यावर पेट घेते.

रहिवाशांना नुसतं 'जिन्याचं फायर डोअर बंद ठेवा' लिहून काही होत नाही, वारा येतो म्हणून कोणीतरी त्याला वीट लावतोच. दार उघडं राहिलं तर जिन्यात धूर भरेल आणि वरच्यांना उतरायला रस्ता उरणार नाही, असं कारणासकट सांगा. अलार्म खोटा वाजला तर त्याच दिवशी ग्रुपवर कारण टाका, नाहीतर खरा वाजेल तेव्हाही कोणी उठणार नाही. जिना उतरता न येणाऱ्यांची यादी मात्र ग्रुपवर नको, त्यांना विचारून गेटवरच ठेवा.

आग लागल्यावर बाहेर पडायचं की घरात थांबायचं, हे फायर ब्रिगेडला विचारून आधीच पक्कं करा आणि तो निरोप बदलला तर घराघरात कसा पोचवायचा तेही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 ला आग लागली, पहिला फोन रात्री 12:54 ला गेला, लोकांना घरातच थांबा सांगत होते आणि तो सल्ला मागे घ्यायला 2:47 वाजले. 72 माणसं गेली. घरात थांबा हा नियम आग एका फ्लॅटबाहेर पसरणार नाही या भरवशावर असतो, तिथे ती बाहेरच्या क्लॅडिंगवरून (बिल्डिंगच्या भिंतीवर बाहेरून लावलेलं आवरण) वर चढली होती.

वॉचमनला एक गोष्ट घोकून घ्यायला लावा, पहिला फोन फायर ब्रिगेडला, सेक्रेटरीला नंतर. पत्ता, मजला, काय जळतंय, कोणी अडकलंय का. गाडी येईपर्यंत एकाने गेटवर उभं राहायचं, चाव्या आणि ती वही हातात घेऊन.