फ्लॅट राखताना: आधी पाणी, मग बाकीचं

नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलं की पडदे आणि कपाटं यांचा विचार सगळ्यात आधी होतो. माझं सांगणं असं की त्याआधी पाण्याचा मेन कॉक शोधून ठेवा. घरातलं सगळं पाणी एकाच ठिकाणी बंद करणारा हा कॉक कधी बाथरूमच्या छतापाशी असतो, कधी ओट्याखालच्या कपाटात, कधी डक्टमध्ये, तर कधी दाराबाहेर मीटरजवळ. काही घरांत स्वयंपाकघराचा वेगळा आणि प्रत्येक बाथरूमचा वेगळा असतो. तो घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, फिरवता आला पाहिजे. पूर्ण उघडा नळ मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज सोडतो. बेसिनखालची नळी मध्यरात्री फुटली तर कॉक शोधण्यात गेलेली दहा मिनिटं खालच्या घराच्या छताला भोवतात.

दोन-तीन महिन्यांतून एकदा हा कॉक बंद करून पुन्हा उघडत जा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक क्षार साचून जाम होतो आणि ऐन वेळी जोर लावला की मोडतो. गोल चाकाचा असेल तर पूर्ण उघडल्यावर किंचित उलटा फिरवून ठेवावा, म्हणजे अडकत नाही. लिव्हरचा असेल तर सोपं: लिव्हर पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, काटकोनात म्हणजे बंद.

त्याच वेळी बेसिन, सिंक आणि फ्लशच्या टाकीला जाणाऱ्या लवचीक नळ्यांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. हाताला न जाणवणारी गळती कागदावर लगेच दिसते. बाहेरच्या जाळीवर गंज असेल, एखादी तार तुटलेली असेल किंवा नळी फुगलेली वाटत असेल, तर ती गळायची वाट न पाहता बदला. वॉशिंग मशीनला पाणी आणणारी नळी मी साधारण पाच वर्षांनी बदलतेच. या नळ्यांच्या नटात रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो, त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही. हातानं घट्ट करून पान्यानं थोडंसं आवळलं की पुरे. फार आवळलं तर वायसर चिरतो आणि नळी नवी असून गळते. जिथे आटे आट्यांत बसतात तिथे मात्र टेप हवीच, आणि तीही नळ आवळायच्या दिशेनंच गुंडाळायची.

छतावर किंवा भिंतीवर ओल दिसली की लगेच रंगाऱ्याला फोन करू नका. ओल कुठून येते हे कळेपर्यंत वर लावलेला रंग वाया जातो. आधी साधी पेन्सिल घ्या, डागाच्या कडेनं रेघ ओढा आणि तिच्याजवळ तारीख लिहा. पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ बघा. डाग दिवसरात्र सारखाच ओला असेल आणि रेघेबाहेर सरकत असेल, तर बहुधा पाणी भरलेली पाइप गळते आहे, कारण त्या पाइपमध्ये सतत दाब असतो. वरच्या घरात आंघोळी झाल्यावर डाग वाढत असेल आणि मग सुकत असेल, तर सांडपाण्याची पाइप किंवा फरशीचे सांधे बघायला हवेत. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा गच्ची. आणि थंडीत खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळे ठिपके आले असतील, तर बहुतेक वेळा कुठेही गळती नसते. खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर पाणी धरते.

हा शेवटचा प्रकार ओळखायला भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून आले असतील तर पाणी भिंतीत आहे. खोलीच्या बाजूला आले असतील तर ते हवेतलं आहे. एवढ्या साध्या तपासणीनं विनाकारण होणारी तोडफोड वाचते.

आमच्या पॅसेजच्या छतावर मागे ताटलीएवढा डाग आला होता. वरच्या काकूंकडे मी तक्रार घेऊन गेले नाही, तारखांचा कागद घेऊन गेले. म्हटलं, "काकू, हा डाग शनिवारी-रविवारीच वाढतो. एरवी आहे तेवढाच राहतो." त्यांनी कागद हातात घेतला, तारखांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, शनिवारी-रविवारी तर आमचा मुलगा येतो. ते मागचं बाथरूम तेव्हाच वापरात असतं." मग प्लंबरनं त्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीवरचं पाणी ज्या जाळीतून खाली जातं त्या जागेचं, तोंड घट्ट बंद करून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी चोवीस तास साठवून ठेवलं. छत ओलं झालं. म्हणजे पाइप ठीक होती आणि दोष फरशीत होता. ट्रॅपच्या जाळीभोवतीचं ग्राउट (फटी बुजवायचा मसाला) निघून गेलं होतं आणि पाणी जाळीत न जाता तिच्या कडेनं खाली उतरत होतं. दुरुस्ती वरूनच झाली. खालून, म्हणजे आमच्या छताला, काहीही लावून ते पाणी थांबलं नसतं.

दुरुस्तीनंतरही प्लास्टर आतून सुकायला काही आठवडे लागतात. तोवर पोपडे खरवडून जागा मोकळी ठेवा. पांढरी पूड आली तर ती कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतली तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि पुन्हा वर येतात.

बाथरूममध्ये अचानक गटाराचा वास येऊ लागला की लोक सुगंधी काहीतरी ओततात. त्याआधी एक तांब्याभर साधं पाणी ओतून बघा. नहाणी ट्रॅपमध्ये आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहावं अशी रचना असते. खालच्या पाइपमधला वायू आणि झुरळं हे पाणीच अडवतं. न वापरलेल्या बाथरूममध्ये ते काही आठवड्यांत उडून जातं आणि वाट मोकळी होते. बरेच दिवस घर बंद राहणार असेल तर ट्रॅपमध्ये पाणी ओतल्यावर वर चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाचा पातळ थर पाण्याची वाफ होऊ देत नाही. पाणी ओतूनही वास राहिला तर ट्रॅपमधली सुटी वाटी नीट बसली आहे का ते बघा. सफाई करणारे कित्येकदा ती काढून बाजूला ठेवतात, कारण तिच्याशिवाय पाणी भराभर जातं.

बेसिन तुंबलं तर तीव्र रसायन ओतायची घाई नको. खाली बादली ठेवून बाटलीसारखा ट्रॅप हातानं उघडा, केसांचा गोळा काढा, वायसर जागेवर बसवून बंद करा. प्लंजर वापरायचा तर बेसिनच्या वरच्या बाजूचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यानं दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. पीव्हीसी पाइपमध्ये उकळतं पाणी ओतू नये, प्लास्टिक नरम पडतं. फ्लश आतल्या आत गळतो अशी शंका असेल तर टाकीत खाण्याचा रंग थोडासा टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर टाकीच्या तळाचं रबर बदलायला झालंय.

आता हवा. पाच किलो कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांत दोन लिटरहून जास्त पाणी उरतं. ते खोलीत वाळवले तर ते सगळं पाणी खोलीच्याच हवेत येतं. म्हणून कपडे आत वाळत घालायचे असतील तर एकाच खोलीत घाला, तिचं दार लावा आणि खिडकी उघडा, किंवा पंखा लावून हवा बाहेर जाईल असं करा. घरभर खुर्च्यांवर टाकले तर दमटपणा घरभर होतो. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. तो खरोखर हवा ओढतो का हे बघायला जाळीला कागदाचा पातळ तुकडा लावा. कागद चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर जाळी धुळीनं भरली आहे, किंवा दाराखालून हवा आत यायला फटच नाही. बोटभर फट लागतेच, नाहीतर पंखा नुसता गरगरतो.

कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडा. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाढायला फारसा वाव मिळत नाही. ती मोजायचं लहान यंत्र घरात असावं असं मला मनापासून वाटतं, कारण दमटपणाचा अंदाज आपल्याला नीट येत नाही. टाइलवरची बुरशी साबणाच्या पाण्यानं घासून निघते. पण जागा कोरडी राहिली नाही तर ती परत येणार.

सफाईबद्दल पुष्कळ बोललं जातं, मी मोजकंच सांगते. वरून खाली, आणि कोरडं आधी, ओलं नंतर. पंख्याचं पातं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून पुसत बाहेर ओढलं की धूळ अभ्र्यात राहते, पलंगावर पडत नाही. मायक्रोफायबरचं फडकं धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि फडकं धूळ धरेनासं होतं. आंघोळीनंतर टाइल्सवरून आणि काचेवरून वायपर फिरवायला एक मिनिट लागतं. पांढरे डाग पडतात ते पाणी जागच्या जागी सुकल्यामुळे, म्हणून या एका मिनिटानं नंतरची तासभराची घासाघीस वाचते.

कुठल्या डागाला काय लावायचं, याचं सूत्र सोपं आहे. तेलकट आणि चिकट असेल तर साबण किंवा धुण्याचा सोडा. पांढरा क्षार असेल तर व्हिनेगरसारखं आम्ल. चिमणीची जाळी गरम पाण्यात सोडा घालून अर्धा तास भिजू द्या. मात्र जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते, तिला भांड्यांचा साबण बरा. नळाच्या तोंडावर क्षार साचला असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग धुवा. संगमरवरावर आम्लाचा थेंबही नको. चकाकी जाते, कारण तो दगड आणि नळावरचा क्षार मूळचे एकच, कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस येतो खरा, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. हवं तर एकानंतर एक वापरा.

आणि हे मात्र घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या ताईंनाही, नीट समजावून सांगा: ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. टॉयलेट साफ करायच्या आम्लात ब्लीच पडलं की क्लोरीन वायू निघतो, अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये पडलं की क्लोरामाइन. छोट्या बंद बाथरूममध्ये दोन्ही जिवावर बेततात. या बाटल्या मी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते आणि त्यांतलं काही दुसऱ्या बाटलीत कधीच ओतून ठेवत नाही.

आवाजाचं गणित फ्लॅटमध्ये वेगळं असतं. बोलण्याचा आवाज फटींतून येतो, त्यामुळे दाराखाली पट्टी लावली की बराच कमी होतो. पावलांचा, खुर्ची ओढल्याचा, मशीनचा आवाज स्लॅबमधून जातो, त्याला फटी बुजवून उपयोग नाही. तो जिथे निर्माण होतो तिथेच अडवावा लागतो: खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, चालायच्या वाटेवर जाड सतरंजी. वॉशिंग मशीन थरथरत असेल तर आधी वर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी ठेवून चारही पाय सारखे टेकलेत का ते बघा. समोरून उघडणारी मशीन नवीच असेल आणि भयंकर उडत असेल, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढायचे राहिलेत का तेही बघा. घरात ठोकाठोकीचं काम निघालं तर खालच्या-वरच्यांना आदल्या दिवशी वेळ सांगून यायचं. तेवढ्यानं माणसं खूप समजून घेतात.

विजेचं थोडक्यात. मुख्य बोर्डावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं, ते काही महिन्यांतून एकदा दाबा. वीज लगेच गेली पाहिजे. नाही गेली तर शॉकपासून वाचवणारा तो स्विच चालत नाही, इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा. हीटर, इस्त्री, गीझर यांना एक्स्टेंशन बोर्ड नको.

भिंतीत भोक पाडताना स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत, तसंच नळांच्या वर-खाली हात लावायचा नाही, वायरी आणि पाइपा बहुधा तिथूनच जातात. बाथरूमचं काम चालू असेल तर टाइल्स बसायच्या आधी उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. टाइलमध्ये भोक पाडताना त्या जागी चिकटपट्टी लावा म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारत फिरण्याची सोय, बंद ठेवा.