परसातलं तेरं

आमच्या कोकणात पावसाळ्यात बांधाच्या कडेला तेरं, म्हणजे रानअळू, आपसूक उगवतं. परसात हवं असेल तर जाणत्या माणसाकडूनच कंद आणा. त्याचे विषारी भाऊबंद पुष्कळ आहेत. मेअखेरीस, पाणी मुरतं तिथं शेणखत मिसळून, कोंब वर ठेवून कंद चार बोटं खोल पुरा. मधे हात-दीड हात जागा सोडा. विसळणीचं पाणी चालेल, साबणाचं नको.

पानं सुरळीसारखी गुंडाळलेली असतानाच खुडा, आधी हाताला तेल चोळून! पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे, खाज आणणारे स्फटिक असतात, म्हणून चिंच किंवा आमसूल घालून अगदी गाळ शिजवायचं. कच्चं चाखायचं नाही. आमच्याकडे वर लसणीची फोडणी लागतेच. हिवाळ्यात पानं वाळली तरी उपटू नका, कंद खाली जिवंत असतो.